सव्विसावी काठी

मॅडम, इथे उघाडीच्या कठड्यावर बसा. पाय जपून टाका, शेवाळ आहे. भरतीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांधाला हे दार असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटी पुरती व्हायला अजून पाऊण तास आहे. सदूचं खोदायचं मशीनही तुडीलच्या रस्त्याने हळूहळू येतंय. तोवर माझं बोलणं होईल.

साफ झालेला, सह्या होऊन बंद झालेला किनारा पुन्हा खणायची परवानगी कशाला हवी, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच ते. समोरासमोर सांगण्यासारखं तरी आहे की नाही, कोण जाणे. पण तुमची सही झाल्याशिवाय मशीन बांधाखाली उतरणार नाही, तेव्हा सांगायलाच हवं.

मी तौकीर, राहणारा महाडचा. अकरा वर्षं आखातात होतो आणि तिथे हेच काम करत होतो. जहाजातून, पाइपातून तेल सांडलं की किनाऱ्यावर चालत जायचं, कुठे किती बसलंय ते मोजायचं, साफ करून घ्यायचं, पुन्हा मोजायचं. परत आल्यावर बायको, आसिया, म्हणायची की एवढं तेल मोजून आलास, आता घरात तेवढं मोजू नकोस. मीही ठरवलं होतं की आता तेलाचं नाव काढायचं नाही. पण गेल्या महिन्यात महामार्गाच्या वळणावर तो टँकर सावित्रीत गेला. भट्टीत जाळायचं काळं तेल होतं. भरती-ओहोटीने ते खाली सरकत या तुडीलच्या काठाला येऊन बसलं. साफसफाईचा ठेका मिळाला माझ्या चुलतभावाला, मुदस्सरला, आणि या तालुक्यात हे काम येणारा माणूस मी एकटाच.

टँकर चालवणारा किशोर, वय सत्तावीस, पोलादपूरच्या वरचा, कुडपणचा. टँकर काढला तेव्हा केबिन रिकामी होती. चार दिवस होड्या फिरल्या, मग शोध थांबला. किशोरची आई मात्र थांबली नाही. येसूबाई. तुडीलमध्ये कोणाच्या तरी पडवीत राहायची आणि सकाळी इथे येऊन बसायची, तुम्ही बसला आहात तिथेच. आम्ही खालून वर आलो की एवढंच विचारायची, "आज काय मिलाला?" आम्ही मान हलवायचो. मग ती पुन्हा पाण्याकडे बघत बसायची.

कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं त्या पद्धतीतच घडलं. किनाऱ्याचे पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्ट्यात वीस-वीस पावलांवर बांबूची काठी रोवायची, तिला लाल चिंधी. ओहोटीला दोघांनी निघायचं. एक जण खाली पाण्याच्या कडेने चालतो, प्रत्येक काठीपाशी बघतो, हाताने चिखल उकरतो आणि ओरडून सांगतो की काठी कितवी, तेल शेकडा किती, किती खोल. दुसरा वर बांधावरून चालत ते लिहितो, वेळ टाकतो. लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही, हा माझा नियम. वर बघितलं की आकडा चुकतो. माझ्या हाताखालच्या पोरांना मी या नियमावरून फार छळलं आहे.

इथे बघा, बांध आणि पाणी यांच्या मध्ये ही तिवरांची, म्हणजे खारफुटीची, दाट रांग आहे. खाली चालणारा माणूस वरून दिसतच नाही. नुसता आवाज येतो.

त्या दिवशी सातव्या पट्ट्याची शेवटची पाहणी होती. दुसऱ्या दिवशी सरकारी संयुक्त पथक येणार, सह्या होणार, मशीन आणि माणसं उठणार. सातवा पट्टा म्हणजे वरच्या अंगाला त्या वाकड्या तिवरापासून ते या उघाडीच्या पऱ्यापर्यंत, या ओढ्यापर्यंत, तेवीस काठ्या. पऱ्याच्या पलीकडे आठवा सुरू होतो. तेल समुद्राकडे जाऊ नये म्हणून आम्ही खालच्या अंगाकडून साफ करत वर आलो होतो, त्यामुळे आठव्याच्या सह्या आधीच झाल्या होत्या.

खाली अनिल होता. हाच अनिल, फावडं घेऊन तुमच्या मागे उभा आहे तो. तुडीलचा आहे, या चिखलात लहानाचा मोठा झालेला. दुपारी तीनला निघालो. वारा अजिबात नव्हता. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. ओल्या चिखलाचा आणि त्या तेलाचा वास एकमेकांत मिसळून घशाशी येत होता. तिवरांच्या मुळांत खेकडे कटकट करत होते. अनिल ओरडायचा, मी लिहायचो. एक, कायच नाय. दोन, कायच नाय. मी मनात खूश होतो की पट्टा स्वच्छ निघतोय.

बाराव्या-तेराव्या काठीपाशी त्याचा आवाज बसल्यासारखा वाटला. घोगरा, जड. मी म्हटलं, चिखलात उभं राहून पोराला सर्दी झाली. मान काही वर केली नाही.

"चौदा… कायच नाय."

"पंधरा… कायच नाय."

मध्ये खेकडे गप्प झाले होते, हे मला नंतर आठवलं. तेव्हा फक्त कागदावर पेन घासल्याचा आवाज जरा मोठा वाटत होता.

"एकोनीस… शंभर टक्के."

मी थबकलो. साफ केलेल्या पट्ट्यात शंभर टक्के? ओरडून विचारलं, खोली किती?

जरा वेळ गेला. मग अगदी शांतपणे उत्तर आलं, ओरडून नाही, तरी नीट ऐकू आलं. "पाच फूट."

आता, आम्ही खड्डा खणतो तो गुडघ्याएवढा. पाच फुटांवरचं कोणी सांगूच शकत नाही. मला राग आला, थट्टा करतोय असं वाटलं. पण लिहिणाऱ्याने सांगितलेलं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. पुढे वीसपासून तेवीसपर्यंत पुन्हा कायच नाय. उघाडीपाशी आलो, खाली सही केली आणि अनिलला झाडायचं म्हणून तिवरांकडे तोंड करून उभा राहिलो.

अनिल आला तो मागून. बांधावरून, कामगारांच्या शेडच्या दिशेने. पायात दुसरे बूट, कोरडे. हातात चहाचा थर्मास.

"सॉरी हां तौकीरभाय, तळवाच सुटला बुटाचा. आता बारापासून चालू करू."

मी म्हटलं, बारापासून कशाला, तेवीस झाल्या की. तो हसला. मी कागद दाखवला. तो वाचत गेला आणि त्याचं हसू कमी होत गेलं. तो म्हणाला, अकराव्या काठीलाच बूट फाटला, मी बांधावर चढून ओरडून सांगितलं, तुम्ही मान खाली ठेवूनच हात हलवलात, म्हणून मी शेडवर गेलो. शेडवर भात शिजवणाऱ्या बाईशी तो अर्धा तास बोलत होता. तिला नंतर मी स्वतः विचारलं, खरं होतं ते.

आम्ही इथेच बसून चहा घेतला. येसूबाई त्या टोकाला बसली होती, तिलाही कपभर दिला. मला काही म्हणता काही कळत नव्हतं. मी बारा काठ्यांचे आकडे कोणाच्या तोंडून लिहिले? गावातला कोणी गंमत करत असेल, तर त्याला आमची बोलायची पद्धत कशी माहीत? की मीच मनाने लिहीत गेलो? अकरा वर्षांत मी एक आकडा मनाने लिहिलेला नाही.

चहा झाल्यावर बारा ते तेवीस पुन्हा केलं. या खेपेला मी मान वर करून, अनिलच्या बरोबर खाली चिखलातून चाललो. सगळं स्वच्छ. एकोणिसाव्या काठीपाशी गुडघाभर खणलं. करडा, मऊ चिखल, तेलाचा टिपूसही नाही. अनिल म्हणाला, "ह्यो भराव हाय. तुमीच टाकायला सांगितलावता."

ते ऐकलं आणि मी खणायचं थांबलो.

मॅडम, ही माझी चूक आहे, ती मी लपवत नाही. पहिल्या आठवड्यात तिथे मोठा खळगा होता. भरतीने त्यात काळं तेल भरलं होतं आणि तेल शोषायला टाकलेला पेंढा वर फुगून आला होता. नियम असा की आधी पेंढा काढायचा, तेल उपसायचं, तळ बघायचा, मग भराव. मुदस्सर घाई करत होता, उधाणाची भरती जवळ आली होती. मी वरवरचा पेंढा काढायला लावला आणि म्हटलं, भरून टाक. सदूने मागचा चांगला चिखल ओढून खळगा बुजवला. तळ कोणीच पाहिला नाही. त्या खळग्याची खोली मला तोंडपाठ होती, पाच फूट.

रात्री मी आसियालाही काही बोललो नाही. सकाळी पथकाच्या आधी मुदस्सर कागद बघायला आला. पाच फूट वाचून त्याला हसूच आवरेना. म्हणाला, भाई, चष्म्याचा नंबर बदला, आणि स्वतःच्या पेनाने त्याने ती ओळ खोडली. मीही हसलो. खरं सांगतो, हसलो. काय सांगणार होतो त्याला? आवाज ऐकू आला म्हणून? अकरा वर्षांची अब्रू होती माझी. तेवढ्यात येसूबाई उठून जवळ आली. माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाली, "बाबा, उद्यापास्नं तुमी नाय येनार ना? मंग हितं कोनच नाय येनार."

त्यानंतर मला पट्टा बंद करायच्या कागदावर सही करवली नाही. मी मुदस्सरला सांगितलं की एकोणिसाव्या काठीखाली तेल दाबलं गेलंय, चूक माझी आहे, खणल्याशिवाय मी पट्टा सोडणार नाही. त्याने पथकासमोर मला हवं ते ऐकवलं. शेवटी सदूने मशीन उतरवलं. चार फुटांपर्यंत करडा चिखल. मग काळा पेंढा आला, मग तेल झिरपायला लागलं. सदूने एकदम मशीन बंद केलं आणि खाली न बघता दुसरीकडे तोंड केलं. पेंढ्यातून शर्टाची बाही दिसत होती.

चेहरा ओळखू येण्यासारखा नव्हता. येसूबाईने कमरेचा करदोडा ओळखला. तिनेच वळलेला होता, काळ्या दोऱ्यात एक लाल दोरा. ती मोठ्याने रडली नाही. तेलाने माखलेला तो करदोडा पदराने पुसत राहिली आणि तो काही पुसला जाईना. मी समोर उभा होतो. तिच्या पोराला मीच पुरलं होतं आणि ती मला हात जोडत होती. माझी मला लाज वाटली.

तो आवाज सोडला तर हे सगळं तुमच्या दप्तरात आहे, मॅडम. दप्तरात नाही ते इथून पुढचं.

काल किशोरचा बारावा होता, म्हणून कुडपणला गेलो. पानं उठल्यावर येसूबाईजवळ बसलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. भराव माझ्या सांगण्यावरून पडला, तेही. वाटलं होतं, शिव्या देईल. तिने पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, "माज्या पोरानंच हाक मारली तुमाला." मी हो म्हटलं. तेवढंच तिला देण्यासारखं होतं माझ्याकडे. ती आत जाऊन मोबाइल घेऊन आली. अपघाताच्या संध्याकाळी किशोरने आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवला होता. म्हणाली, ऐका, हाच ना आवाज?

तिने निरोप लावला. किशोरचा आवाज बारीक, चटपटीत, हसरा. मी जो ऐकला होता तो हा नव्हता. मी तिला कसं सांगावं या विचारात होतो आणि निरोप पुढे चालू होता. आई, पोलादपुरात जेवलो, आता महाडला गाडी खाली करून येतो. एकटा नाय, स्टँडावर एक जण उभा होता, महाडला जायचा म्हनतो, घेतलाय बरोबर. थंडीनं घसा बसलाय बिचाऱ्याचा. मग किशोर हसून कोणाला तरी म्हणाला, बोला की आईशी. आणि दुसरा आवाज आला, घोगरा, जड.

"आई… काळजी करू नका. मी हाय सोबत."

तोच तो आवाज. येसूबाई माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, हाच म्हटलं. ती समाधानाने मोबाइल घेऊन आत गेली.

पोलिसांच्या कागदात टँकरमध्ये माणूस एकच आहे. हरवल्याची दुसरी तक्रार कुठेही नाही, ना महाडला, ना पोलादपूरला. मी काल संध्याकाळीच चौकशी केली. त्या माणसासाठी कोणी विचारायला आलेलं नाही. इथे कठड्यावर येऊन बसणारं त्याचं कोणी नाही.

घरी येऊन मी त्या दिवसाचा मूळ कागद काढला. हा बघा. सातव्या पट्ट्याच्या काठ्या तेवीस. तेविसाच्या खाली माझी सही. आणि सहीच्या खाली, माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनाने, चोवीस, निरंक. पंचवीस, निरंक. सव्वीस, शंभर टक्के, पाच फूट.

हे मी कधी लिहिलं, मला माहीत नाही. वेळेचा रकाना बघा. सव्विसापुढे चार वाजून पन्नास मिनिटं आहेत. त्या वेळी मी इथे अनिलबरोबर चहा पीत होतो. कागद माझ्या मांडीवर होता आणि पेन खिशात. अनिलला विचारा.

सातव्याच्या पुढे पावलं मोजत गेलं तर सव्विसावी काठी पऱ्याच्या पलीकडे पडते, आठव्या पट्ट्यातली तिसरी. ती समोर चिंधी दिसतेय ना, तीच. तिथेही खळगा होता. तोही मीच बुजवायला सांगितला, एकोणिसाच्याही आधी. त्याची खोलीही पाच फूटच होती.

मी रात्रभर एकाच गोष्टीचा विचार केला. तो स्वतःही तिथेच खाली होता. तरी त्याने आधी एकोणिसावी काठी सांगितली. इथे किशोरची आई बसली होती म्हणून? की मला उगाच असं वाटतंय? माझं डोकं चालत नाही, मॅडम. मला एवढंच कळतं की त्याच्यासाठी विचारणारं कोणी नसेल, तर मी विचारायला हवं. त्याच्यावर चिखल मीच टाकला. तुम्ही सही दिली नाहीत तर मी आणि अनिल फावड्याने सुरुवात करणार आहोत, मग तुम्ही माझ्यावर काय गुन्हा घालायचा तो घाला.

पेन उघडलंत, बरं झालं. सही इथे, खालच्या ओळीत. आज पंधरवडा झाला, ओहोटी पुन्हा त्याच वेळेला आलीय. किती वाजले तुमच्याकडे? चार पन्नास?

थांबा. जरा थांबा, कागद हलवू नका. खेकडे गप्प झालेत.

नाही, सदू नाही तो. मशीन अजून रस्त्यावर आहे, आवाज तिकडून येतोय. हा पऱ्याच्या पलीकडून, तिवरांमागून… ऐकलंत?

अनिलही नाही, तो तुमच्या मागेच तोंड मिटून उभा आहे. वळून बघा त्याच्या चेहऱ्याकडे, त्यालाही ऐकू आलंय.

आकडा नीट ऐकलात का, मॅडम? माझ्या कागदावर खोली पाच फूट आहे, आणि तिथे अजून फावडंही लागलेलं नाही. आता त्याने चार फूट सांगितलं.